गुरवांची हरकत

टीव्ही घ्यायला कुटुंब आलं की शांताराम गुरव पहिला प्रश्न बाईला विचारायचे. "वहिनी, पोळ्या लाटताना टीव्ही कुठून दिसतो तुम्हाला?" गिऱ्हाईक गुजराती असलं तर तोच प्रश्न हिंदीत, "भाभी, रोटी बनाते टाइम किधर से देखते हो आप?" नवरा तोवर किंमत विचारत ताटकळलेला. गुरव बाईला दुकानाच्या पार डाव्या भिंतीशी नेऊन उभं करायचे. तिथून सगळे टीव्ही तिरपे दिसायचे. मग म्हणायचे, "हां, हे तुमचं स्वयंपाकघर. आता सांगा, त्या निवेदिकेचा चेहरा माणसासारखा दिसतो की राखेसारखा?"

दुकान माझं होतं. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. गुरव माझ्याकडे विक्री आणि दुरुस्ती दोन्ही बघायचे. मूळचे राजापूरकडचे, अंगानं काटकुळे, खिशाला कायम टेस्टर लावलेला. ज्या दिवसांची मी गोष्ट सांगतोय तेव्हा बाजारात दोन तऱ्हेचे टीव्ही एका रांगेत उभे होते. एक पिक्चर ट्यूबचा, पण नव्या धाटणीचा, हाय डेफिनिशनवाला; पाठीमागचं पोट कमी केलेला, म्हणून त्याला स्लिम म्हणायचे. दुसरा एलसीडी, पाटीसारखा सपाट, भिंतीवर टांगायचा. किंमत जवळजवळ दुप्पट. लोक दुकानात शिरायचे ते एलसीडीकडे बोट दाखवतच.

गुरव त्यांना अडवायचे. "जाडी मोजायला आलात की चित्र बघायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं होतं, "सिग्नल चाळीतला आणि टीव्ही बंगल्यातला, कसं जमणार?" त्यांचं म्हणणं सोपं होतं. आपल्याकडे येते ती साधी केबल. ती त्या काळच्या एलसीडीवर लावली की चेहऱ्यावर डाग उठतात, क्रिकेटचा चेंडू शेपटी घेऊन पळतो, काळा रंग राखाडी होतो, आणि समोरून जरा बाजूला सरकलात की सगळंच फिकं. ट्यूबवर यातलं काही होत नाही.

पण ते ट्यूबचे भाट नव्हते, हे मला लिहून ठेवायचं आहे. स्लिम टीव्हीत एक खोट होती. ट्यूब आखूड केल्यामुळे कोपऱ्यात सरळ रेघ वाकायची. गुरव ती स्वतःहून दाखवायचे. बातम्यांचं चॅनल लावून खालून धावणाऱ्या पट्टीवर बोट ठेवायचे. "ही बघा, इथं शेवटाला अशी वळते. आता दिसली ना? घरी गेल्यावर रोज दिसेल. चालणार असेल तरच घ्या. आणि उचलायला चार माणसं लागतील, तेही आत्ताच सांगतो."

माझा वितरक माझ्या मागे लागला होता. एलसीडीचे जास्त नग काढतो असं मी त्याला कबूल केलं होतं. पण खरं सांगायचं तर मला वितरकापेक्षा दुसरंच जास्त खुपत होतं. पाटीवर नाव माझं, आणि लोक आत येऊन विचारायचे, "गुरव आहेत का?" ते नसले तर बाहेर उभे राहायचे. एकदा एलसीडी पक्का करून आलेलं एक कुटुंब त्यांनी स्लिम देऊन पाठवलं, आणि जाताना त्या माणसानं हात जोडले ते गुरवांना. मी भडकलो. "गुरव, तुम्ही नोकरी माझी करताय की गिऱ्हाइकाची?"

"पगार तुमचा घेतो शेठ," ते टेस्टर पुसत म्हणाले, "डोळे माझे आहेत."

आम्ही दोघं राहायलाही एकाच सोसायटीत होतो, जेसल पार्कला. ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. तिथं मी सेक्रेटरी होतो. दुकानात ते मला शेठ म्हणायचे आणि जिन्यात भेटले की सेक्रेटरी. दोन्हीत थोडी टोचणी असायची.

सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलसाठी मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं. गुरव म्हणाले स्लिम घ्या, मी म्हणालो एलसीडी. शेवटी सभेनं ठरवलं, दोन्ही टीव्ही दुकानातून आणून शेजारी शेजारी लावायचे, एकच चॅनल दाखवायचं आणि हात वर करून निवडायचं. गुरवांनी एक अट घातली. "दुकानातल्या माणसानं टीव्हीला हात लावायचा नाही. मीपण नाही, शेठपण नाही. वायरमन जोडून देईल, तेवढंच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

वायरमननं आदल्या संध्याकाळी जोडणी करून दिली. रविवारी दहाला सभा. हॉलची किल्ली माझ्याकडे. मी आठला गेलो. स्लिम टीव्हीच्या केबलमध्ये दोन जुने जोड घातले, पिन अर्धी सैल केली, रिमोटनं रंग आणि उजेड उतरवला. दहा मिनिटांचं काम. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून ते कमीत कमी शब्दांत लिहितोय.

दहाला लोक जमले. कमिटीची माणसं मधल्या खुर्च्यांवर. बायका दोन्ही भिंतींलगत सतरंजीवर, नेहमीसारख्या. गुरव उठून म्हणाले, "एकदा सगळ्यांनी जागा बदलून बघा. खुर्चीवाले सतरंजीवर, सतरंजीवाले खुर्चीवर." मी म्हणालो वेळ नाही. चित्र सुरू झालं. एलसीडीवर लख्ख, स्लिमवर मुंग्या. खुर्च्यांमधून हसू फुटलं. हात एलसीडीसाठी वर गेले.

"काय गुरव, हे गळ्यात मारणार होतात आमच्या?" कोणीतरी म्हणालं.

"दुकानात पडून असेल माल. कंपनीनं काहीतरी चारलं असणार."

गुरव टीव्हीच्या मागे गेले. निवड झाली होती, आता अट मोडत नव्हती. वाकले, वायर बघितली. सरळ झाले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा माणूस दुसऱ्याला बोलायला जागा देतो, तसे थांबले. सगळा हॉल बघत होता. मी खिशातलं पेन काढलं आणि इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

त्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, "श्री. शांताराम गुरव यांनी दुकानातील न खपणारा जुना माल सोसायटीस घेण्यास लावून सभेची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला. सभा तीव्र नापसंती व्यक्त करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. "शेठ, उद्यापासून मी नाही." एवढंच. पुढे घरोघरी जाऊन दुरुस्त्या करू लागले.

आणि मग सुरू झाली ती हरकत. दर वार्षिक सभेत, मागचं इतिवृत्त वाचून झालं की तिसऱ्या मजल्याचे गुरव उभे राहायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. "टीव्हीच्या ठरावातल्या माझ्या नावाच्या नोंदीवर माझी हरकत आहे. लिहून घ्या." मी लिहायचो, "हरकत फेटाळली." पहिल्या वर्षी लोक गप्प बसले, दुसऱ्या वर्षी हसले, पुढे पुढे ती करमणूकच झाली. ते उभे राहायला लागले की मागून कोणीतरी म्हणायचं, "लागला, गुरवांचा टीव्ही लागला!" ते हसू ओसरेपर्यंत उभे राहायचे आणि तेच वाक्य त्याच आवाजात बोलायचे. सलग नऊ वर्षं.

दर वर्षी मला वाटायचं, आज बोलणार, आज वायरचं सांगणार. ते कधीच बोलले नाहीत.

मधल्या काळात हॉलमधला एलसीडी बिघडला, भंगारात गेला, नवा आला. त्या वर्षी खजिनदार वैतागले. "अहो गुरव, तो टीव्ही भंगारात गेला!"

"टीव्ही गेला," गुरव म्हणाले. "वहीत माझं नाव अजून तिथंच आहे."

मुलीचं लग्न झाल्यावर त्यांनी खोली विकली आणि बायकोला घेऊन चेणे गावात लहानसं घर करून राहिले. मी दुकान बंद केलं, सेक्रेटरीपद सोडलं. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर. माणसं म्हणतात की वय झालं की जुन्या गोष्टी पुसट होतात. माझ्या बाबतीत ती सैल पिन तेवढी दिवसेंदिवस स्वच्छ दिसू लागली. यंदा एप्रिलमध्ये रिक्षा केली आणि चेण्याला गेलो.

गुरव ओट्यावर बसले होते, मांडीवर कुणाचा तरी मिक्सर उघडलेला. मला बघून उठले नाहीत. "या सेक्रेटरी."

"गुरव, मी माफी मागायला आलोय. त्या दिवशी वायर मी—"

"माफीबिफी राहू द्या. वही आणलीत?"

"कसली वही?"

"इतिवृत्ताची. मला काय सांगताय? मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

मी विचारलं, "मग नऊ वर्षांत तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यांनी मिक्सरचा स्क्रू आवळून घेतला. "मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? नोकर म्हणतो शेठनं केलं, शेठ म्हणतो नोकर खोटारडा. दोन माणसांचं भांडण. लोकांनी चार दिवस चघळलं असतं. मला भांडण नको होतं, नोंद बदलून हवी होती. ती ज्यानं लिहिली त्याच्याच हातून. म्हणून दर वर्षी उभा राहायचो. तुम्हाला संधी देत होतो हो, आणखी काय!"

त्यांची बायको आतून म्हणाली, "नऊ वेळा शर्टाला इस्त्री केलीय मी." चहा काही तिनं विचारला नाही. ते बरोबरच होतं.

सोसायटीला द्यायचा अर्ज मी घरूनच लिहून नेला होता. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन मागितलं. "'जुन्या पद्धतीचा टीव्ही' असं काय लिहिलंय? नवा होता तो. त्याच वर्षीचा." झटकन रेघ मारली. पुढे वाचत गेले. शेवटी म्हणाले, "हे अर्धवट आहे. कोपऱ्यात रेघ वाकायची, तेही लिहा."

"अहो गुरव, तुमच्या बाजूनं लिहितोय मी!"

"म्हणूनच सांगतोय. उद्या कोणी म्हणायला नको, गुरवनं खोट लपवली आणि तुम्ही साथ दिलीत. एकदा खोटं लिहून झालंय ना तुमचं? आता सगळं लिहा."

मी तिथंच ओट्यावर बसून ते वाक्य घातलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि कागद परत दिला. "सभा कधी?"

"सप्टेंबरात."

"येतो मी. बाहेरचा माणूस म्हणून बसेन मागे."

ते आले नाहीत. जुलैमध्ये त्यांच्या जावयाचा फोन आला. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

माझ्या मुलानं मला समजावलं. "बाबा, आता माणूसच राहिला नाही. कशाला स्वतःचे वाभाडे काढता? इथं अजून राहायचंय आपल्याला." मी म्हणालो, राहायचंय म्हणूनच.

सभेत मी उभा राहिलो. आताचा सेक्रेटरी तिशीतला, समंजस. "अंकल, कौनसा टीव्ही?" त्यानं विचारलं. अर्ध्याहून अधिक सभासद नवे, पिक्चर ट्यूब म्हणजे काय हे सांगण्यात पाच मिनिटं गेली. मागच्या रांगेतले जुने खजिनदार म्हणाले, "प्रधान, बसा हो. कशाला उकरताय? लोक हसतायत."

"हसू द्या," मी म्हणालो. "त्यांना नऊ वर्षं हसलो आपण. मला एक दिवस हसा." आणि कागद वाचला, सैल पिनेपासून वाकणाऱ्या रेघेपर्यंत. उजव्या भिंतीशी शिंदेकाकू बसल्या होत्या. तेव्हाही त्यांची जागा तीच होती. त्या म्हणाल्या, "मला इथून त्या टीव्हीवर कधी माणसाचं तोंड धड दिसलं नाही. मला वाटायचं माझेच डोळे गेले. गुरवांनी जागा बदला म्हटलं होतं त्या दिवशी. ऐकलंत कोणी?"

सेक्रेटरीनं नियम बघितले. इतकी जुनी नोंद खोडता येत नाही, ती खोटी होती असा नवा ठराव करावा लागेल. "हरकत किसके नाम से लिखूं?"

"शांताराम गुरव."

"अंकल, वो तो अब मेंबर नहीं है। और वो तो…"

"मला माहीत आहे ते कुठं आहेत. मांडणारा म्हणून माझं नाव लिही. हरकत त्यांचीच."

तो लिहू लागला. मी त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. गुरवांचं नाव आलं तिथं पुन्हा वाचायला लावलं. ठराव मताला टाकला तेव्हा विरोधात एकही हात वर आला नाही. बाजूनं दोन आले, माझा आणि शिंदेकाकूंचा. बाकीचे खाली बघत होते.

दोन हातांनी ठराव मंजूर झाला.