चिनी मातीचा दात आणि खोबऱ्याची कातळी

माझ्या थोरल्या मुलीचा वरचा पुढचा दात लहानपणी विहिरीच्या काठावर आपटून अर्धा तुटला होता. ती पंधरा वर्षांची झाल्यावर अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरांनी उरलेल्या खुंटावर चिनी मातीची टोपी बसवून दिली. किती टिकेल, असं मी विचारलं. माती सहसा झिजत नाही, ते म्हणाले. सरळ चावायला हरकत नाही, पण दातात धरून काही ओढायचं नाही.

तीन वर्षं ती भाकरी, फुटाणे सगळं खात होती. मग सोनाळ्याचं स्थळ आलं आणि जमलं. दाताचं बोलू नको, असं नणंदेनं बजावलं. मी ऐकलं, ते चुकलं.

आमच्याकडे लग्नात नवरी सुक्या खोबऱ्याची कातळी दातांत धरते आणि नवरा तिचं बाहेरचं टोक दातांनी तोडतो. लग्न आठ दिवसांवर आल्यावर मला हे आठवलं. म्हटलं, आधी घरीच पाहून घेऊ. मुलीच्या दातांत कातळी दिली, दुसरं टोक माझ्या दातांत धरलं आणि हिसका दिला. कातळी माझ्याकडे आली, तिच्याबरोबर टोपीही.

मुलगी रडायला लागली. मी टोपी धुऊन उजेडात धरली. चीर नव्हती, टवका नव्हता. दुसऱ्या दिवशी शेगावहून पहिल्या गाडीनं अकोला गाठलं. डॉक्टरांनी हसू दाबत सगळं ऐकलं. टोपी धड आहे, आतलं सिमेंट सुटलं, असं सांगून त्यांनी तीच पुन्हा बसवली.

नणंद म्हणाली, आता तर अजिबात बोलू नको, लग्न मोडेल. मी सर्व्हिस मोटारीनं एकटीच सोनाळ्याला गेले आणि विहीणबाईंना सगळं सांगितलं, हिसक्यासकट. त्या सुपारी कातरत ऐकत होत्या.

"तुम्ही सोता ओढून पाह्यलं?"

"हाव, मीच."

"आन् दात फुटला नाही?"

"नाही."

"मंग मजबूत हाय. माह्या तोंडात चारच उरले, तेबी हालून राह्यले." अडकित्ता खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पोरीले म्हणा, कातळी दाढेत धरजो. पोराले मी सांगीन."

लग्नात मुलीनं गाल फुगवून कातळी दाढेत धरली. जावयानं अलगद इवलासा तुकडा तोडला. आमच्या बायकांना आयतं सापडलं.

"काऊन हो जावईबापू, खोबरं कडू लागते काय?"

तो लाजून लाल झाला. विहीणबाईंनी मात्र वळून आधी मुलीचं तोंड उघडायला लावलं, दात पाहिला आणि मग पुढच्या विधीला घाई केली.

याला बारा वर्षं झाली. टोपी परत निघाली नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिची कड तपासली आणि काही करायची गरज नाही म्हणाले. त्याच खेपेला मुलीची एक खरी दाढ काढावी लागली.