हातातला तांब

पनवेलहून मी दर रविवारी उरणजवळच्या जेट्टीवर गळ टाकायला जायचो. तिथे एक म्हातारे कोळी बसत. काठी न वापरता ते दोरी थेट बोटावर धरत. मासा आमिषाला नुसता शिवला तरी त्यांना कळायचं.

एका सकाळी त्यांना मोठा तांब मासा लागला. अर्धा तास ते त्याला थकवत खडकांपासून दूर आणत होते. बघायला मी पुढे सरकलो आणि शेवाळावरून घसरून पाण्यात पडलो. मला पोहता येत नव्हतं. त्यांनी तत्क्षणी दोरी सोडली, पालथे पडून माझी कॉलर धरली आणि मला वर ओढलं.

तांब गेला होता. मी खोकत माफी मागितली.

दुसऱ्या गळाला कोळंबी लावत ते म्हणाले, “तांब परत येल. तुमी परत नसता आला. आता जरा मागं बसा.”