चेमाचा लाल टाय

आमच्या गल्लीत बोलवा उठली, की एउलालियाबाईने निवडुंगाशी लग्न लावलंय. "तशी मी कोणाच्या अध्यात ना मध्यात," असं नाकातून म्हणत शेजारची डेल्फिना दारोदार सांगत सुटली, की नवऱ्याला, चेमाला, जाऊन वर्ष नाही झालं आणि बाईने त्याचा लाल टाय अंगणातल्या सावारो निवडुंगाला बांधला, नवरदेवासारखा.

टाय होता खरा. पण लग्नाचा नव्हे, खुणेचा. रस्ता रुंद व्हायचा होता, आणि चेमाने मुठीएवढा लावलेला, आता माणसाच्या वर गेलेला तो निवडुंग परसात न्यायचा होता. सावारोची दक्षिणेची कातडी रापलेली असते, उत्तरेची कोवळी. नव्या जागी तोंड फिरलं की ऊन त्याला जाळतं. म्हणून टूसॉनमध्ये लोक दक्षिणेला खूण करतात. कोणी रंग लावतं, कोणी चिंधी बांधतं. बाईच्या हाताला टाय लागला, इतकंच.

निवडुंग उपटायच्या सकाळी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. मुलगा रामिरो घरी होता. गल्लीतली कुजबूज त्याच्याही कानावर गेलेली. मजूर यायच्या आत त्याने टाय सोडला, घडी करून कपाटात ठेवला.

बाई परतली तेव्हा परसात माती दाबून मजूर निघूनही गेले होते. तिने निवडुंगावर तळवा फिरवला.

"रामिरो, याचं तोंड फिरलंय."

"चारी बाजूंनी सारखाच तर असतो, आई. आणि लोक हसत होते."

मुळं एकदा तुटलेली. पुन्हा उपटला तर तिथेच संपला असता. तिने चादरीची सावली धरली. पहाटेची कॉफी ती रोज मिरचीच्या झुडपांशी भांडत प्यायची. आता निवडुंगापाशी गप्प बसून पिऊ लागली. जूनमध्ये तो पिवळा पडला, मग मऊ झाला, मग काळं पाणी गाळू लागला.

मी तिला म्हटलं, तुमची जीभ मला ठाऊक आहे, नाताळच्या आत तुम्ही रामिरोला सुनावणारच. ती म्हणाली, लाव पैज, हरेल तिने नाताळचे तमाले गुंडाळायची मक्याची पानं एकटीने धुवायची.

ऑक्टोबरात निवडुंग आडवा झाला. रामिरोने विचारलं, कशाने गेला?

"वय झालं होतं," बाई म्हणाली.

सावारो दीडशे वर्षं जगतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. रामिरो मान खाली घालून तुकडे उचलत राहिला. नाताळापर्यंत ती त्यावर अवाक्षर बोलली नाही. तमालेंसाठी मक्याची टोपलीभर पानं मी एकटीने धुतली.