खालची खोली आणि सात बंदुका

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत बाबाच्या बंदुका हा विनोदाचा विषय आहे. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात कुणाकडेही जेवायला गेलं की चपला काढायच्या आत कुणीतरी विचारतं, "काय राजे, शस्त्रागारात नवीन काही?" बाबा थोडा लाजतो आणि फोनमधले फोटो काढतो. मग सगळे पुरुष त्या फोनवर वाकतात आणि सगळ्या काकू म्हणतात, जाऊ दे गं, दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, एवढा एक नाद आहे.

मला या विनोदाचा राग येतो. का येतो ते तोंडी सांगायला गेले की लोक म्हणतात, हिला गंमत कळत नाही. म्हणून लिहून टाकते.

बाबा पुण्याचा, इंजिनिअर, पूल बांधणारा. शाकाहारी. घरात कोळी दिसला तर त्याच्यावर ग्लास पालथा घालून, खाली पोस्टकार्ड सरकवून त्याला कुंपणापाशी सोडून येणारा माणूस. त्याला एकदा ऑफिसातल्या कुणीतरी बेंडिगोच्या पुढे एका शेतावर सशांच्या शिकारीला नेलं. ससे सगळे सुखरूप राहिले. बाबा मात्र घरी आला तो डोळे चमकवतच. पुढच्या महिन्यात सेफ्टीचा कोर्स, मग लायसन्स, मग पहिली रायफल.

एकीवर थांबला असता तर मी हे लिहिलं नसतं. पण पहिली आली आणि तिला जोडीदार लागली. ही सशासाठी, पण कोल्हा आला तर? "बाबा, तुझा आणि कोल्ह्याचा काय संबंध?" मी विचारायचे. तो शांतपणे समजावायचा की शेतकऱ्यांना कोल्ह्यांचा त्रास असतो. मग एक डबल बॅरल, कारण उडत्या मातीच्या तबकड्यांवर रायफल चालत नाही. मग एक जुनी, लाकूड सुंदर होतं म्हणून. मग त्या जुनीसारखीच दुसरी, कारण तिचे सुटे भाग मिळत नाहीत. असं करत करत सहा झाल्या. इथे प्रत्येक बंदुकीसाठी वेगळी परवानगी मागावी लागते आणि कारण द्यावं लागतं. कारणं शोधण्यात बाबाचं डोकं असं चालायचं की तेवढं त्याने पुलांवर चालवलं असतं तर टास्मानियापर्यंत रस्ता झाला असता.

"तुझ्या आईकडे कढया किती आहेत मोज," तो म्हणायचा. "तिला कुणी विचारतं का?"

"कढईत मी भाजी करते," आई म्हणायची. "तू त्यांत काय करतोस?"

"तेल लावतो," बाबा म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

आता खालची खोली. आमच्या घरी वर तीन बेडरूम आणि एक बाथरूम, आणि खाली एक खोली, तिला स्वतःचं बाथरूम. घर घेताना ती खोली बघूनच आईने हो म्हटलं होतं. तिचे आई-बाबा, म्हणजे माझे आजी-आजोबा येतील, त्यांना जिने नकोत. दोन वर्षांत ते एकदा आले, सहा महिने राहिले. मग करोना आला, विमानं बंद झाली. ज्या आठवड्यात सीमा बंद झाल्या त्याच आठवड्यात बाबाने बंदुकांचं लोखंडी कपाट वरून खाली हलवलं. "आता कोण येतंय?" म्हणाला. थोड्याच दिवसांत शेजारी दुसरं कपाट आलं, भिंतीत बोल्ट मारून पक्कं केलं गेलं. पलंग मोडून बाजूला, त्याच्या जागी तेल-फडक्यांचं टेबल. खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप.

आई नर्स आहे. मेलबर्नच्या सहाव्या लॉकडाऊनमध्ये तिची बदली हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात झाली. मी तेव्हा घरीच होते, कारण मी ज्या भाड्याच्या घरात राहायचे तिथल्या तिघांपैकी दोघांची कामं गेली आणि घर मोडलं. कॅज्युअल, म्हणजे तासांवर राबणाऱ्या, कामगारांच्या एका मोहिमेसाठी मी पत्रकं लिहायचे, ती आता जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होते.

बाबाला दमा आहे. त्याची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. दोन्ही लशी घेऊनही तो दुधाचे डबे पुसायचा. त्यानेच आईला सांगितलं की वॉर्डात काम आहे तोवर आपण वेगळं राहू. आई म्हणाली, बरोबर आहे, मी खाली झोपते.

"खाली कुठे?" बाबा म्हणाला.

त्याने दिलेली कारणं मी अजून विसरलेले नाही. लायसन्स नसलेल्या माणसाने तिथे झोपणं कायद्यात बसत नाही. मी नियम वाचून दाखवला. नियम म्हणतो, कपाट कुलूपबंद हवं आणि पक्कं हवं. खोलीबद्दल तो काही म्हणत नाही. मग म्हणाला, पोलीस तपासणीला आले आणि कपाटासमोर गादी दिसली तर बरं दिसेल का? मग म्हणाला, तेलाचा वास आहे, तिचं डोकं दुखेल. मी म्हटलं, आई माझ्या खोलीत झोपेल, मी कुठेही झोपते. त्यावर म्हणाला, वर बाथरूम एकच, आणि हीटिंगची हवा सगळ्या खोल्यांत फिरते.

"मला गराज चालेल," आई म्हणाली.

आईला सगळं चालतं. हे वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलली आहे की आम्ही ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

ऑगस्टमधल्या मेलबर्नची थंडी. काँक्रीटची जमीन, कॅम्पिंगची घडीची खाट, एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला घरघरणारा डीप फ्रीझर. ऑइल हीटर दिला होता, तो गराजच्या शटरखालून येणारा वारा गरम करायचा. अंघोळ ती हॉस्पिटलमध्येच उरकून यायची. टॉयलेटसाठी मास्क लावून बाजूच्या दाराने घरात, पॅसेजमधून, लाँड्रीशेजारच्या छोट्या टॉयलेटमध्ये. वाटेत खालच्या खोलीचं बंद दार. परत येताना ती स्प्रे मारत, स्वतः हात लावलेले सगळे कडी-कोयंडे पुसत यायची. स्वतःच्या घरात.

आणि मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो, पूर्ण पीपीईमध्ये, खाली लिहिलेलं: आपल्या कोविड योद्ध्याला मानाचा मुजरा. त्याखाली टाळ्यांची रांग. योद्धा झोपतो कुठे, हे एकाने विचारलं नाही. मी ग्रुपवर लिहिलं: योद्धा गराजमध्ये आहे आणि शस्त्रं बेडरूममध्ये आहेत. त्यावर सहा जणांनी हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. एका काकांनी लिहिलं, "मस्त पंच."

मग मी माझ्या धंद्यातलं केलं. एक पान टाइप केलं. वर मागणी: खालची खोली आईला द्या. त्याखाली कोण अडवतंय. त्याखाली काय करायचं. प्रिंट काढून फ्रिजवर लावलं, बाबाने वरच्या खोलीत थाटलेल्या ऑफिसच्या दारावर लावलं, आणि एक त्याच्या खुर्चीवर ठेवलं. मीटिंगांच्या मधल्या वेळात तो खाली चहा करायला आला, फ्रिजवरचं वाचलं, दूध काढलं आणि म्हणाला, "मुद्दा लक्षात घेतलाय."

"म्हणजे काय करणार आहेस?"

"विचार चालू आहे."

ऑफिसात लोकांना तो असाच टोलवत असणार. विचार सप्टेंबरभर चालू राहिला. आई गराजमध्ये एका कुशीवर झोपायला शिकली, कारण खाट मध्ये खचली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरापासून किती लांब जायचं याची मर्यादा थोडी वाढवली. लोक त्या आठवड्यात नदीवर गेले, मैत्रिणीला पार्कात भेटले. बाबा डँडेनॉन्गच्या बाजूच्या एका दुकानात गेला आणि सातवी घेऊन आला.

मी पॅसेजमध्ये उभी होते. त्याने ती लांब बॅग तान्ह्या मुलासारखी धरली होती.

"ही कशासाठी?" मी विचारलं.

"परवानगी आधीच आलेली होती गं. वाया गेली असती."

मी त्या दिवशी त्याच्याशी बोलणं बंद केलं. आईला जाऊन सांगितलं. ती फ्रीझरवर ठेवलेल्या आरशात बघून नाकावरच्या मास्कच्या वळाला क्रीम लावत होती. "सात झाल्या का?" एवढंच म्हणाली.

खंडेनवमी त्यानंतर लगेच आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. बाबाची पट्टी, आईचा स्टेथोस्कोप, सुऱ्या, माझा लॅपटॉप. पहिली रायफल आल्यापासून बाबाने त्यात शस्त्रं आणली होती, आणि त्या वर्षी कुणी कुणाकडे जाऊ शकत नव्हतं म्हणून पूजा झूमवर ठरली. बाबाने अर्धा दिवस सुट्टी टाकली. वरती रेशमी कुर्ता, खाली ट्रॅक पँट. लिव्हिंग रूममध्ये सतरंजी अंथरून त्यावर साती बंदुका ओळीने मांडल्या, नळीला हळद-कुंकू, प्रत्येकीवर अंगणातली पिवळी डेझी, कारण झेंडू मिळाला नव्हता. लॅपटॉप स्टुलावर. मी सोफ्यावर बसले होते, ती फक्त आईचा स्टेथोस्कोप सतरंजीवर आहे का बघायला. नव्हता. तो तिच्या गळ्यात होता, ती नाइट शिफ्टहून यायची होती.

"राजे, स्वारी कुठल्या मोहिमेवर?" स्क्रीनमधून कुणीतरी विचारलं.

"ग्लेन वेव्हर्लीच्या सशांवर," बाबा म्हणाला. सगळे चौकोन हसले.

"आणि वहिनी कुठायत? आपला योद्धा?"

"येईलच आता. ड्युटी संपली असेल."

बाजूचं दार वाजलं. आई मास्क लावून पॅसेजमधून टॉयलेटकडे निघाली आणि खालच्या खोलीपाशी थांबली. दार सताड उघडं होतं. मला सोफ्यावरून ती दिसत होती. तिने आत डोकावलं. दोन्ही कपाटं उघडी, रिकामी, किल्ल्या कुलपांना लटकलेल्या. मग ती लिव्हिंग रूमच्या दारापर्यंत आली, आत पाऊल न टाकता.

"सगळ्या बाहेर काढल्यास?"

"हो, पूजेला." बाबा लॅपटॉपचा कोन नीट करत होता.

"आत एकही नाही?"

"एकही नाही. सातही इथे. ये ना, दारातूनच नमस्कार कर, सगळे विचारतायत."

तिने दारातून नमस्कार केला. स्क्रीनमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गेली. आरती सुरू झाली. आरतीच्या आवाजात मी तिला गराजमधून उशी आणि रजई आणताना पाहिलं, मग दुसऱ्या फेरीत फोमची गादी जमिनीवरून ओढत नेताना. उठून मदत करावी असं मनात आलं, पण मी हलले नाही. हलले असते तर बाबाने मागे वळून बघितलं असतं. मग खोलीचं दार लागलं आणि आतून कडी सरकली.

झूम संपल्यावर बाबा दोन रायफली उचलून खोलीकडे गेला आणि कोपराने दार ढकललं. मग ठोठावलं.

"अगं, उघड जरा. ह्या ठेवायच्यात."

"मला झोपायचंय," आतून आई म्हणाली.

"झोप ना, पण आधी ह्या..."

"मी आज तिकडे अंघोळ केलेली नाही. वॉर्डातून आलेय. दार उघडलं तर तुलाच त्रास."

तो एक पाऊल मागे सरला. हे त्याला पटण्यासारखंच होतं, नियम त्याचाच होता.

"मग ह्या कुठे ठेवू?"

"गराज मोकळं आहे," आई म्हणाली. पाठोपाठ शॉवरचा आवाज आला.

बाबा परत येऊन सतरंजीशेजारी बसला. बंदुका अशा उघड्या टाकून त्याला उठता येत नव्हतं, आणि हा कायदा खरा होता. मला म्हणाला, "गराजमध्ये कुलूपबंद कपाट नाही. आणि दमट आहे तिथे, गंज लागेल."

"रायफलला गंज लागतो," सातवी आल्यापासून मी पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले. "आईला काय लागतं?"

त्याने जवळच्या नळीवरचं कुंकू बोटाने पुसलं. मग म्हणाला, "दोन मिनिटं इथे बस, मी टॉयलेटला जाऊन येतो."

"मला लायसन्स नाही."

मी सूड घेत होते, आणि मला मजा येत होती. आजही येते. सूर्य सोफ्यावरून सतरंजीवर आला तरी तो तिथेच होता, रेशमी कुर्त्यात, डेझी कोमेजत होत्या. खालच्या खोलीतून काही आवाज नव्हता. शेवटी त्याने दुकानदाराला फोन केला. त्यांच्याकडे बंदुका ठेवून घेतात, भाड्याने. "रिनोव्हेशन चाललंय," बाबा त्याला इंग्रजीत म्हणाला. मग साती एकदम कवेत घेऊन गाडीकडे गेला, कारण एक नेताना सहा मागे सोडता येत नव्हत्या. गाडी गराजमध्येच होती. डिकी उघडताना त्याला आईची खाट बाजूला सारावी लागली. तो त्या खाटेकडे किती वेळ बघत होता ते मी बघितलं. बघून काय वाटलं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि मी त्याच्यासाठी ते कल्पून लिहिणार नाही.

आई संध्याकाळपर्यंत झोपली.

कपाटं भिंतीत बोल्ट मारलेली, ती काढता येईनात. उंच, अरुंद, आत दांडा बसवता येईल अशी. आईने एकात हॉस्पिटलचे युनिफॉर्म लावले, दुसऱ्यात टॉवेल आणि चादरी. दोन्ही किल्ल्या तिने आयडी कार्डाच्या दोरीत ओवल्या.

लॉकडाऊन उठला, वॉर्ड बदलला, आई वर झोपायला आली. बाबा दर शनिवारी डँडेनॉन्गला जातो, दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला जावं तसा. आता तिथे आठ आहेत. गेल्या दिवाळीत त्याने ही सगळी हकीकत एका जेवणात सांगितली, स्वतःवरच विनोद करत, टॉयलेटच्या भागासकट. लोक हसून कोलमडले. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. गराजचा भाग त्याने गाळला होता.

एका काकूंनी आईला म्हटलं, "वहिनी, काय डोकं लढवलंत हो."

"डोकं नाही," आई म्हणाली. "झोप आली होती."

घरी येताना गाडीत बाबाने हळूच विचारलं, आता त्या परत आणायला हरकत नाही ना, खोली तर रिकामीच आहे.

"आई-बाबा मार्चमध्ये येतायत," आई म्हणाली. "आणि कपाटं भरलेली आहेत."