चौथा सूर खाली

आमच्या संगीतशाळेत अकरा पियानो आहेत आणि त्या अकरांचे सूर लावायला गेली बावीस वर्षं एकच माणूस येतो. शिक्षक त्यांना ट्यूनर म्हणतात, मी सूरकाका म्हणते. मी इथे ऑफिसात बसते. प्रवेशाचे अर्ज, वर्गांच्या किल्ल्या, गळणारा नळ, सगळं माझ्या गळ्यात. शास्त्रीय संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कामाला हात लागायचा तर मला गाणी लागतात, आणि तीही सगळी पॉप.

काकांना याचा भयंकर राग. दारातून आत येतानाच ते कपाळाला आठ्या घालायचे.

"बंद कर ते. संगीतशाळा आहे ही."

"गाणंच आहे ना काका?"

"तीन मिनिटांत संपतं त्याला गाणं नाही म्हणत, जाहिरात म्हणतात."

"आणि तुमचं तासभर चालतं, त्यात अर्धे लोक झोपतात. मागच्या मैफलीत आपले मुख्याध्यापकच घोरत होते."

"झोपू देत. चांगल्या सुरात झोप तरी चांगली लागते."

मग मी आवाज कमी करायची, बंद करायची नाही. ते वर्गात जायचे, पण दार मुद्दाम आपटून. वर्षानुवर्षं आमचं हे चालू होतं आणि खरं सांगायचं तर त्यात आम्हा दोघांनाही मजा यायची.

त्यांचं काम मी कितीदा पाहिलंय. पियानोच्या एका पट्टीमागे बहुतेक तीन तारा असतात. त्या तिघींनी एका तोंडाने बोलायला हवं. एखादी केसभर जरी उतरली तरी आवाज थरथरायला लागतो. काका फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी खोचून दोन तारा गप्प करतात, तिसरी वाजवतात, पाना हळूच फिरवतात, आणि थरथर थांबली की पुढच्या पट्टीवर जातात. दिवसभर हेच. मी एकदा विचारलं होतं, एवढं वाजवता तर एखादं अख्खं गाणं का नाही वाजवत? ते म्हणाले, "मी गाणं ऐकत नाही, सूर ऐकतो. गाण्यात लक्ष गेलं की चूक निसटते."

आठ महिन्यांपूर्वी काकू गेल्या. अचानकच. पंधरा दिवसांनी काका कामावर आले, तेव्हा मी मुद्दाम गाणं लावून ठेवलं होतं. आवाज नेहमीपेक्षा मोठा. म्हटलं, ओरडतील, तेवढंच बरं वाटेल त्यांना. पण ते माझ्या टेबलासमोरून गेले, वर्गाचं दार हलकेच लावून घेतलं आणि कामाला लागले. त्या दिवशी मीच गाणं बंद केलं. पुढच्या फेऱ्यांनाही तेच. भांडणाचं नाव नाही. काम झालं तरी ते लवकर निघेनात, धडधाकट पियानोची झाकणं उघडून बसायचे. घर खायला उठत असणार, दुसरं काय.

मागच्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, ते चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि उभेच राहिले.

"आमच्या घरी फ्रिज आणि पाण्याचा पंप वेगवेगळ्या सुरात वाजतात," ते म्हणाले. "दोघांचं जमत नाही. आधी कधी लक्षात आलं नव्हतं."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"तुला ती असली गाणी सगळी माहीत असतात ना?"

"असली म्हणजे?"

"तुझ्यासारखी. तुझी काकू स्वयंपाकघरात एक गाणं गुणगुणायची. लग्न झाल्यापासून एकच. शब्द नाही, नुसती चाल. मला ते हवंय."

"कसं होतं?"

काका खाली बघत म्हणाले, "चार सूर आहेत माझ्याकडे. पुढचं नाही."

मग हळूहळू सगळं कळलं. काकू गायला लागल्या की पहिले तीन सूर ठीक यायचे. चौथा थोडा उतरायचा. काका बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "चौथा खाली!" आणि काकू तिथेच थांबायच्या. चौतीस वर्षं. रोज नाही, पण कितीतरी वेळा. चौथ्या सुराच्या पलीकडे त्यांनी काकूंना कधी जाऊच दिलं नव्हतं. ज्या माणसाला अर्ध्या तासाच्या रचना तोंडपाठ, त्याच्याकडे बायकोचे चार सूर उरले होते, आणि त्यातला एक चुकीचा.

"गाण्यांच्या दुकानात विचारलं," ते म्हणाले. "तिथला मुलगा म्हणाला, आजोबा, चार सुरांवर कसं सांगू?"

मी त्यांना रिकाम्या वर्गात नेलं. त्यांनी पियानोवर चार सूर वाजवले. स्वच्छ, काटेकोर. मी पुन्हा वाजवायला लावले. काहीच आठवेना. हजारो गाण्यांची सुरुवात अशी असू शकते. काकांचा चेहरा पडला.

"काका, तुम्ही काकूंचं दुरुस्त करून वाजवताय. त्या म्हणायच्या तसं वाजवा ना."

"पियानोवर तो सूर नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो."

"मग गा."

"मी गात नाही."

"मी कुठे गायिका आहे? इथे आपल्या दोघांशिवाय कोणी नाही."

बावीस वर्षांत मी त्यांचा गाणारा आवाज ऐकला नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आवाज खरखरीत होता. एक, दोन, तीन, आणि चौथा सूर त्यांनी हळूच खाली घसरवला, जणू कोणी जिन्यावर एक पाय टाकून थांबलंय.

मी चटकन ओळखलं. माझ्या आईच्या तरुणपणचं गाणं. एक बाई स्टॉपवर उभी आहे, बस निघून गेलीय, आता थांबावं की चालत जावं, एवढंच त्यात आहे. मी फोनवर शोधलं आणि लावलं.

गायिकेने पहिले तीन सूर म्हटले आणि चौथा खाली सोडला. अगदी तेवढाच. काका भिंतीकडून वळले. कडवं झालं, पुन्हा तीच ओळ आली, पुन्हा तो सूर तिथेच उतरला.

"मुद्दाम घेतेय ती," काका म्हणाले.

"मुद्दामच तर. तिथेच तर तिची बस सुटते. तो सरळ घेतला तर गाण्यात राहिलं काय?"

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. तीन मिनिटं आणि थोडी वर. संपल्यावर फोनकडे बघत म्हणाले, "याच्यापुढे एवढं गाणं होतं?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचाच.

"ती एकदा म्हणाली होती," ते म्हणाले. "अहो, गाण्यातच तसं आहे. मी म्हटलं, मग गाणंच चुकीचं आहे."

शिकवणीची मुलं जिन्यावरून यायला लागली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "मग आता सांगा, हे गाणं आहे की जाहिरात?"

काकांनी पियानोचं झाकण लावलं. "ते मला माहीत नाही. पण तिचं काही चुकत नव्हतं."

गाणं मी त्यांच्या फोनवर पाठवून दिलं. त्या गडबडीत ते फेल्टच्या पट्ट्या पियानोवरच विसरले. असं आधी कधी झालं नव्हतं.

परवा संध्याकाळी घरी जाताना मी त्या द्यायला काकांकडे गेले. पहिला मजला, दाराशेजारीच स्वयंपाकघराची खिडकी. आत नळ चालू होता, भांडी विसळल्याचा आवाज येत होता, आणि काका गुणगुणत होते. बेलकडे नेलेला हात मी मागे घेतला. एक, दोन, तीन. चौथा त्यांनी खाली सोडला, जरा जास्तच खाली, मलासुद्धा कळलं. आणि ते थांबले. नळही बंद केला.

बाहेरच्या खोलीतून कोणी ओरडलं नाही. मग काकांनी पुढचं म्हटलं.