कॅप्सूलमधली साखर

हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही. पाच वर्षं झाली. तुमचा-माझा काही संबंध नाही, म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय असं समजा.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे चूळ. सकाळी पारूनं — माझ्या बायकोनं — दम्याची कॅप्सूल यंत्रात घालून ओढली. डॉक्टरीण दमा म्हणू देत नव्हती. धुरानं फुप्फुसं गेलीत म्हणायची. ओढल्यावर चूळ भरायची असते, मी तांब्या धरला. पारू थुंकली आणि म्हणाली, "अवो, हे औषद हल्ली लईच गोड लागतंय."

मी म्हटलं, "गुळव्याची बायकू तू. तुला गोड न्हाय तर काय कडू लागंल?"

ती हसली. हसता हसता खोकली. गोड का लागतंय, ते मला एकट्याला माहीत होतं.

मी गुळव्या. चाळीस वर्षं गुऱ्हाळात काहिलीवर उभा राहिलो, उसाचा रस आटवला. पारू खाली चुलवाणात चिपाडं सारायची — धूर तिच्या वाट्याला. म्हातारपणी शिवाजी पेठेत दोन खोल्या घेऊन आलो, पण तिचा दम गुऱ्हाळातच राहिला. डॉक्टरीण म्हणाली, हा रोग जात नाही, औषध रोज ओढायचं, मरेपर्यंत. तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. जायचाच नाही तो रोग, तर दर महिन्याला पैसे कशाला? गिऱ्हाईक बांधून ठेवायची ही तऱ्हा नव्हे काय? डॉक्टरीण, औषधाचा दुकानदार — सगळी एकमेकाला मिळालेली.

एक दिवस मी कॅप्सूल उघडली. आत चिमूटभरही पावडर नाही. जिभेवर ठेवली — गोड. साखरेच्या बाबतीत माझी जीभ फसत नाही. मालकाच्या सांगण्यावरून काहिलीत पोत्यानं साखर ओतलेला माणूस मी, गूळ म्हणून तीच खपवलेली. म्हटलं, सापडली चोरी. ही बी आपल्याच जातीची.

कुणाला तरी विचारायचं होतं, नाही? नाही विचारलं. चोराला चोरी विचारतात काय?

यंत्र पिळलं की कॅप्सूलचे दोन तुकडे होतात. यंत्र मीच धुवायचो. ते तुकडे वाळवून ठेवले. साखर खलात कुटली, धोतराच्या फडक्यातून गाळली, भरली, तुकडे जोडले आणि औषधाच्या बाटलीत टाकले. नवीन बाटली आणलीच नाही. पारूला म्हटलं, आणली.

पंधरा दिवस ती "बरं हाय" म्हणत होती. आणि मी — खरं सांगू? — खूश होतो. बघ, साखरेवरच चाललंय की! जिना चढताना ती मध्येच पदर नीट करायला थांबायची. ते मला दिसत नव्हतं काय? दिसत होतं. दम लागतोय म्हणाली असती, तर मी औषधाच्या पैशावरून बोललो असतो. म्हणून ती पदर नीट करायची.

त्या चुळीच्या दिवशी दुपारी तिचे ओठ निळे पडले. मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत तिथं जेवढा पैसा गेला, तेवढ्यात तिची काही वर्षांची औषधं आली असती. आमची डॉक्टरीण तिला बघायला आली. मी सहज विचारल्यासारखं केलं — ती पावडर गोड कशी?

"आजोबा, औषध चिमटीत सापडणार नाही एवढं थोडं असतं," ती म्हणाली. "ते छातीपर्यंत न्यायला दुधातल्या साखरेत मिसळतात. का हो?"

"काय न्हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. पारू जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

पुढच्या सकाळी घरी शेजारणीनं चहा आणून दिला. मी फळीवरची बाटली काढली, उरलेल्या कॅप्सूल एकेक करून कपात मोकळ्या केल्या, टरफलं खिशात घातली. तेवढ्यात डॉक्टरीण आली. पोरसवदा बाई. चपला बाहेर काढून माझ्या लेकीशेजारी बसली. हळूच म्हणाली, "औषध रोज घेत होत्या ना?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "रोज. एक दिवस चुकली न्हाय ती. तुझ्याच औषदात काय न्हवतं, बाई. साखर दिलीस तू आमाला."

लेक उठली. डॉक्टरणीला दारापर्यंत बोलत गेली, नको नको ते. डॉक्टरीण मान खाली घालून ऐकत होती. एकदा म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल." चपलेचा पट्टा तिला बसवता येईना.

मी चहा पिऊन टाकला. तळाला राहिलेली साखर बोटानं चाटली.