जखमी शिपायांची घोंगडी

लढाईच्या दिवसांत मी आटपाडीला मास्तर होतो. सांगलीच्या इस्पितळातल्या जखमी शिपायांसाठी घोंगडी जमवायचं काम माझ्याकडे आलं आणि ‘फक्त कोरी घोंगडी घेऊ’ हा नियम मी स्वतःच्या अक्कलहुशारीनं केला. एक धनगर म्हातारी जुनं घोंगडं घेऊन आली, तर तिला मी परत पाठवू लागलो.

“आवं मास्तर, कोऱ्याला चिंचोक्याची खळ असती, अंगाला टोचतंय ते. ह्ये धा वर्सं पांघरलंय, लोण्यावानी मऊ हाय,” ती म्हणाली. पण मी ऐकतोय कसला!

इस्पितळात एक शिपाई थंडीनं कुडकुडत होता. भाजलेल्या पाठीवर नुकती कुठं नवी कातडी धरली होती. मी मोठ्या ऐटीत कोरं घोंगडं घातलं, तसा तो कळवळला. “काढा मास्तर! काटं वढल्यावानी होतंय. थंडी परवडली.”

मी गठ्ठा तसाच उचलून गावी आलो आणि म्हातारीच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो. तिनं लगेच गठ्ठा सोडायला लावला. घरोघर हिंडून तिनं कोरी घोंगडी वाटली आणि लोकांच्या अंगावरची मऊ घोंगडी मागून घेतली. ऐन पौषात माणसांनी ती हसत दिली आणि ती घेऊन मी घरी न जाता तसाच सांगलीला परतलो. चार दिवसांनी तो शिपाई तिच्या घोंगड्यात भर दुपारी गाढ झोपलेला मी पाहिला.

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं.

“आपलंही दिलंय मी,” ती म्हणाली. “बदल्यात मिळालेलं कोरं तुम्ही पांघरा. मला माहेरची गोधडी आहे.”